वाचक विचारतात: हरणाच्या शिकारीसाठी शॉटगनवर साइट कोणती आणि कशी बसवावी?

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील कित्येक राज्यांत जमीन सपाट आणि शेतवाड्या एकमेकींना लागून असल्यामुळे, रायफलची गोळी चुकली तर ती फार दूर जाऊन कुणाचा तरी घात करील, या भीतीपोटी हरणाची शिकार शॉटगननेच करण्याचा दंडक वर्षानुवर्षे चालत आला. ओहायोने २०१४ मध्ये आणि आयोवाने २०१७ मध्ये सरळ कवचाच्या काडतुसांच्या रायफलींना वाट मोकळी करून दिली, तरी कपाटात आधीपासून असलेली बारा किंवा वीस बोरची बंदूक घेऊनच हंगामाला उतरणारे अजून पुष्कळ आहेत. हंगाम जवळ आला की तिच्यावरील साइटविषयी, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाविषयीच, सर्वाधिक पत्रे येतात. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. कोणते शस्त्र, कोणते काडतूस आणि कोणते उपकरण चालते याचे नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतही असतात, म्हणून आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचल्याखेरीज काहीही विकत घेऊ नये.

प्रश्न: माझ्याकडे बारा बोरची पंप शॉटगन आहे. नळी २८ इंची, वर जाळीदार पट्टी आणि टोकाला पितळेचा एकच मणी. तितराच्या शिकारीत तिने मला कधी दगा दिला नाही. गेल्या डिसेंबरात मात्र साधारण ६० यार्डांवर शांत उभ्या असलेल्या हरणावर मी स्लग (छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) झाडला आणि तो त्याच्या पाठीवरून गेला. आता स्कोप (नेमाची दुर्बीण) घ्यावा असे वाटते. कोणता घ्यावा? (आयोवातील एक वाचक)

उत्तर: स्कोपकडे वळण्यापूर्वी तो स्लग वर का गेला हे समजून घ्या, कारण त्या कारणातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. एकच मणी असलेल्या बंदुकीला बॅकसाइट, म्हणजे डोळ्याकडची मागची साइट, नसते. तिची बॅकसाइट म्हणजे नेम धरणाऱ्याचा डोळा, आणि तो नेहमी एकाच जागी राहावा यासाठी गालाचा दस्त्यावरचा टेका तेवढा आपल्या हाती असतो. आपल्या बंदुकीत डोळ्यापासून मण्यापर्यंतचे अंतर ४२ इंच धरू. हरीण नीट दिसावे म्हणून आपण मान किंचित उचलली आणि डोळा केवळ अष्टमांश इंच वर गेला, तरी ६० यार्डांवर स्लग सुमारे साडेसहा इंच वर लागतो. उडत्या पक्ष्यावर छऱ्यांचा फुलोरा सोडताना ही चूक पदरात घेतली जाते, कारण फुलोरा रुंद असतो आणि पक्षीही बहुधा वर चढत असतो. हरणाच्या हृदय आणि फुप्फुसांचा मर्मभाग मात्र जेमतेम आठ इंच व्यासाचा असतो. त्यामुळे मध्यावर धरलेला नेम साडेसहा इंच वर सरकला की स्लग मर्मभागाच्या बाहेर पडणार, हे उघड आहे.

मण्याची दुसरी अडचण त्याच्या जाडीची आहे. अष्टमांश इंच जाडीचा मणी त्याच हिशेबाने ६० यार्डांवर साडेसहा इंच आणि १०० यार्डांवर जवळजवळ अकरा इंच जागा झाकतो. म्हणजे शंभर यार्डांवर ज्या जागेवर गोळी लावायची ती संपूर्ण जागाच दिसेनाशी होते. माझ्या मते एका मण्याने स्लग झाडण्याची मर्यादा ४० यार्ड मानावी, आणि तीही निशाणफलकावर आपला हात पारखून घेतल्यानंतरच.

आता काय घ्यावे याविषयी. साइट निवडण्याआधी काडतूस ठरवावे आणि काडतुसाआधी नळी. आपली नळी आतून गुळगुळीत आहे, म्हणून तिच्यासाठी फॉस्टर किंवा ब्रेनेके पद्धतीचा स्लगच योग्य ठरतो. विल्हेल्म ब्रेनेके यांनी आपला स्लग १८९८ मध्ये तयार केला आणि कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये. दोन्हींत वजनाचा भार पुढे असल्यामुळे गरगर न फिरताही स्लग नाक पुढे ठेवून जातो. स्लगच्या अंगावरील तिरप्या कड्यांमुळे तो फिरतो असा समज सर्वत्र आढळतो, परंतु त्या कड्यांचे खरे काम चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या भागातून, जाताना दबून वाट करून देण्याचे आहे. चोक सिलिंडर किंवा इंप्रूव्हड सिलिंडर असावा. प्लॅस्टिकच्या वेष्टनातला सॅबो स्लग गुळगुळीत नळीतून झाडू नये; त्याला स्थिर ठेवणारी फिरकी आट्यांच्या, म्हणजे आतून पीळदार खाचा पाडलेल्या, नळीतच मिळते, आणि ती नसेल तर तो हवेत कोलमडून कुठेही जातो. उलट, आट्यांच्या नळीतून साधा शिशाचा स्लग वारंवार झाडल्यास आट्यांत शिसे साचते.

गुळगुळीत नळी आणि साधा स्लग यांची नेमकी पोच बहुतेक बंदुकांत ७५ यार्डांच्या आतबाहेर असते. तेवढ्या अंतरासाठी नऊ पटींचा स्कोप लावणे म्हणजे बंदुकीवर ओझे आणि डोळ्यावर बंधन. आयोवात हाका घालून टोळीने शिकार करण्याची रीत आहे; हरीण कणसे काढलेल्या मक्याच्या रानातून आडवे धावत येते, आणि अशा वेळी अरुंद दृश्यक्षेत्रात ते सापडेपर्यंत निघूनही गेलेले असते. आपल्यासाठी माझी पहिली पसंती आहे ती २० ते २४ इंचांची, पुढे उंचवट्यावर फोरसाइट आणि मागे सरकवता येणारी बॅकसाइट असलेली स्लगची नळी. पंप बंदुकीची नळी हाताने बदलता येते, त्यामुळे तितरांसाठी आपली २८ इंची नळी जशीच्या तशी राहील. ही कल्पना नवी नाही. रायफलसारख्या साइट लावलेली, मुद्दाम स्लगसाठी घडवलेली इथाका कंपनीची ‘डिअरस्लेयर’ १९५९ मध्येच बाजारात आली होती.

दुसरी नळी घेणे शक्य नसेल, तर जाळीदार पट्टीला चिमट्याने बसणाऱ्या हलक्या फायबर-ऑप्टिक साइटची जोडी घ्यावी. पट्टी पातळ पत्र्याची असते, तिच्यावर स्कोपचा भार टाकू नये. मात्र दोन हलके तुकडे ती सहज पेलते. तिसरा पर्याय रिसीव्हरवर (नळीमागच्या, यंत्रणा सामावणाऱ्या भागावर) बसवलेल्या रेड डॉटचा, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा. तिचे भिंग दृश्य मोठे करत नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, आणि डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिपका जिथे दिसतो तिथेच स्लग जवळपास जातो. मान उचलण्याची आपली सवय पाहता हा गुण आपल्या विशेष उपयोगी पडेल. ठिपका तीन मिनिटांच्या मापाचा घ्यावा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग); तो ५० यार्डांवर दीड इंच आणि १०० यार्डांवर सुमारे तीन इंच जागा झाकतो. सहा मिनिटांचा ठिपका झटकन दिसतो खरा, परंतु फटीतून दिसणाऱ्या हरणावर तो मला नेहमीच ओबडधोबड वाटत आला आहे.

प्रश्न: आट्यांची नळी आणि सॅबो स्लग वापरतो. स्कोप रिसीव्हरवर आहे. ७५ यार्डांवर उत्तम जुळवतो, पण साफसफाईसाठी नळी काढून पुन्हा बसवली की फटके तीन-चार इंच सरकतात. दोन स्कोप बदलून झाले. (ओहायोतील एक वाचक)

उत्तर: आपले दोन्ही स्कोप निर्दोष असण्याची शक्यता फार मोठी आहे. पंप आणि अर्धस्वयंचलित शॉटगनमध्ये नळी रिसीव्हरमध्ये सरकवून बसवलेली असते आणि पुढच्या टोपणाने आवळलेली असते. ती काढता-घालता यावी म्हणून सांध्यात किंचित सैलपणा ठेवावाच लागतो. छऱ्यांसाठी त्याने काही बिघडत नाही. स्कोप रिसीव्हरला आणि स्लग नळीला बांधलेला असला, की दोघांमधल्या त्या केसभर फरकाचे लांबवर इंच होतात.

यावरचा उपाय म्हणजे साइट नळीलाच जोडणे. कँटिलिव्हर नळी म्हणतात तिच्यात, नळीच्या मागच्या भागाला पक्की जोडलेली एक पट्टी रिसीव्हरच्या वर अधांतरी मागे येते आणि स्कोप तिच्यावर बसतो. नळी हलली तर स्कोपही तिच्याबरोबर हलतो, नेम तोच राहतो. नळी काढताना स्कोपसह काढायची आणि तशीच परत बसवायची. तरीही बसवल्यावर एक फटका तपासावा, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्यासारख्या सॅबो वापरणाऱ्याने हा खर्च करणे योग्य ठरते, कारण त्या महागड्या काडतुसाचा सारा फायदा शंभर-सव्वाशे यार्डांवरील अचूकतेत असतो आणि सैल सांधा नेमका तोच फायदा खाऊन टाकतो.

ही बंदूक फक्त हरणांसाठी राखून ठेवायची असेल, तर गनस्मिथकडून नळी रिसीव्हरला खिळवून घेता येते. मग नळी सहज निघणार नाही आणि साफसफाई तोंडाकडून करावी लागेल. तोपर्यंत एवढे करा: हंगामासाठी साइट जुळवली की नळी काढूच नका आणि पुढचे टोपण प्रत्येक वेळी सारखेच घट्ट आहे ना, हे पाहत जा. ते टोपण अर्ध्या फेऱ्याने सैल झाल्यामुळे माझ्याच फटक्यांचा गट दुप्पट पसरलेला मी पाहिला आहे.

प्रश्न: माझे वय ५७ आहे. बॅकसाइटची खाच आता धूसर दिसते. मित्राचा रेड डॉट पाहिला तर ठिपक्याऐवजी शेपटी फुटलेला स्वल्पविराम दिसला. मी काय वापरावे? (मिशिगनमधील एक वाचक)

उत्तर: चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी होत जाते, आणि खाच, फोरसाइट व हरीण या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तूंवर झपाट्याने लक्ष फिरवणे डोळ्याला जमत नाही. हा नेमबाजाचा दोष नाही, म्हणून सरावाने तो जाणार नाही. साधनच बदलायला हवे.

रेड डॉटची शेपटी बहुधा आपल्या दृष्टिवैषम्यामुळे दिसली असावी. खात्री करण्याची सोपी युक्ती अशी की मोबाइलचा कॅमेरा रेड डॉटच्या काचेमागे धरून पाहावे. पडद्यावर ठिपका गोल आणि स्वच्छ दिसला, तर उपकरण चांगले आहे आणि फरक आपल्या डोळ्यात आहे. ठिपक्याचा उजेड कमी केल्याने शेपटी बरीच आखडते, शिवाय दूरच्या नंबरचा चष्मा लावूनही पाहावे. दोन नंबरांच्या चष्म्याचा खालचा भाग मात्र नेम धरताना मध्ये येऊ देऊ नये.

एवढ्यानेही ठिपका साफ झाला नाही, तर दोन मार्ग उरतात. पहिला छिद्राच्या बॅकसाइटचा, जिला घोस्ट रिंग म्हणतात. रिसीव्हरच्या मागच्या बाजूला, डोळ्याच्या जवळ एक मोठे कडे असते. त्या कड्याकडे पाहायचेच नसते, त्यातून पाहायचे असते. डोळा आपोआप मध्य शोधतो, त्यामुळे एका वस्तूवरचे लक्ष वाचते. कडे मोठे निवडावे, कारण बारीक छिद्रातून फलकावर नेम छान लागतो पण कातरवेळी रानात अंधारच दिसतो. दुसरा मार्ग कमी ताकदीच्या स्कोपचा: एक ते चार किंवा दोन ते सात पटींचा. त्यात नेमाची फुली आणि हरीण एकाच प्रतलात दिसतात, आणि मागचे नेत्रभिंग फिरवून ती फुली आपल्या डोळ्यापुरती स्पष्ट करता येते. आपल्या वर्णनावरून मी आपल्याला स्कोपच सुचवीन आणि तो नेहमी सर्वांत कमी पटीवर ठेवून चालावे. पट वाढवायला वेळ मिळतो, कमी करायला मिळत नाही.

प्रश्न: पहिल्याच फटक्याला स्कोपच्या कडेने माझी भुवई फाटली. मी बसवण्यात काय चुकलो? स्वतः बसवताना कोणता क्रम पाळावा? (विस्कॉन्सिनमधील एक वाचक)

उत्तर: भुवईची जखम बरी झाली असेल अशी आशा आहे. बारा बोरच्या स्लगचा धक्का बऱ्याच शिकारी रायफलींपेक्षा जबर असतो, आणि ज्या स्कोपला डोळ्यापासून तीन-साडेतीन इंचांतच पूर्ण चित्र दिसते तो शॉटगनवर चढवला की असे अपघात होतात. निदान चार इंच अंतरावरून पूर्ण चित्र देणारा आणि शॉटगनच्या धक्क्यासाठी बनवलेला स्कोपच घ्यावा. अशा स्कोपचा पॅरालॅक्सही (डोळा हलला की फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) बहुधा ५० किंवा ७५ यार्डांवर जुळवलेला असतो, तर रायफलच्या स्कोपचा साधारणपणे १०० यार्डांवर.

कामाला बसण्यापूर्वी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि बंदुकीचे घर (काडतूस बसते ती जागा) व मॅगझिन डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी रिकामे असल्याचे पाहावे. रिसीव्हरवर कारखान्यातच आटे पाडलेली भोके आहेत का, हे आधी पाहा. असतील तर त्या मॉडेलसाठीचीच पट्टी आणि तिच्याबरोबर आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू आत उतरून बोल्टला घासतो आणि बंदूक अडते. पट्टी बसवल्यावर रिकामी बंदूक दहा-वीस वेळा चालवून ती मोकळी चालते ना, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. भोके नसतील तर घरच्या ड्रिलने पाडू नयेत. भोक केसभर तिरके गेले तर साइटची सगळी आडवी फिरत संपूनही नेम जुळत नाही, आणि हे काम गनस्मिथकडे आधारसाच्यावर सरळ होते. भोकांशिवाय बसणारा खोगिरासारखा माउंटही मिळतो. चापाची जुळणी धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या जागी बोल्ट घालून तो आवळला जातो. हे बोल्ट अति आवळले तर रिसीव्हरच्या भिंती दबून बंदूक जड चालू लागते, म्हणून आवळताना मधूनमधून पंप मागेपुढे करून पाहावा.

पट्टी आणि स्कोपला धरणारी कडी एकमेकांना शोभणारी हवीत. विव्हर प्रकारच्या पट्टीच्या खाचा ०.१८० इंच रुंद असतात आणि पिकाटिनी प्रकारच्या पट्टीच्या ०.२०६ इंच. विव्हरची कडी पिकाटिनीवर बसतात. उलट नेहमी जमेलच असे नाही. कडी बसवताना त्यांचा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकेल असे पुढे रेटून मग आवळावे. फटका बसताच बंदूक मागे जाते, जडपणामुळे स्कोप जागीच राहू पाहतो आणि म्हणून पट्टीच्या मानाने पुढे सरकतो. तो टेका आधीच लागलेला असला तर सरकायला जागा उरत नाही.

सगळे आटे स्पिरिटने पुसून तेलमुक्त करावेत. पट्टीच्या स्क्रूंना मध्यम ताकदीचे निळे आटेबंद द्रव एक थेंब लावावे. लाल लावू नये, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. आवळण्यासाठी बलमापक पाना वापरावा आणि निर्मात्याने दिलेला आकडाच पाळावा. कड्यांच्या वरच्या स्क्रूंसाठी तो बहुधा १५ ते २० इंच-पौंडांच्या आसपास असतो. जास्त आवळल्याने स्कोपची नळी चेपते, कमी आवळल्याने तो सरकतो. या बाबतीत मी एकदा निष्काळजीपणा केला होता. पट्टीचा पुढचा स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळला, तो प्रवासात सैल झाला, आणि एका मादीच्या पायाला लागलेला स्लग माझ्या आजही लक्षात आहे. तिच्या मागावर मी अंधार पडेपर्यंत होतो. तेव्हापासून हंगामात दर सकाळी निघण्यापूर्वी मी प्रत्येक स्क्रूवरील रंगाची खूण पाहतो. स्क्रू आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून पट्टीवर नखपॉलिशची एक बारीक रेघ ओढली की तो फिरला की नाही हे एका नजरेत कळते.

स्कोप पुढेमागे कुठे ठेवायचा हे ठरवताना शिकारीचा जाड कोट अंगात हवा. कोटाच्या जाडीने दस्ता पुढे सरकतो आणि डोळा स्कोपपासून मागे राहतो. पट सर्वांत जास्त ठेवा, कारण डोळ्याचे अंतर तिथे सर्वांत कमी असते. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. काळी कड न दिसता पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत स्कोप सरकवा आणि त्यानंतर आणखी थोडा पुढे घ्या. आपण हे काम उन्हाळ्यात, पातळ सदऱ्यात आणि कमी पटीवर केले असावे असा माझा अंदाज आहे. फुली सरळ आहे का, हे लांबवर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी ताडून पाहावे.

शेवटी गालाचा प्रश्न, ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शॉटगनचा दस्ता मण्याच्या पातळीसाठी घडवलेला असतो. स्कोप त्याहून इंच-दीड इंच वर बसतो. मग गाल उचलून हनुवटी टेकवली जाते, डोके अधांतरी राहते आणि धक्क्याबरोबर स्कोप भुवईवर आदळतो. कडी शक्य तेवढी बुटकी घ्या आणि दस्त्यावर गालाला आधार देणारी गादी बांधा. आपल्या जखमेचे निम्मे कारण येथे असू शकेल.

प्रश्न: नळीवर फोरसाइट-बॅकसाइट आहे. बॅकसाइट पूर्ण वर नेली तरी ५० यार्डांवर फटके सहा इंच खाली लागतात. (इंडियानातील एक वाचक)

उत्तर: आपली फोरसाइट गरजेपेक्षा उंच आहे. फटका ज्या दिशेला न्यायचा त्याच दिशेला बॅकसाइट आणि उलट दिशेला फोरसाइट हलवायची असते. म्हणजे फटके वर आणण्यासाठी फोरसाइट खाली यायला हवी. किती, हे काढण्यासाठी फलकावरील चूक गुणिले दोन साइटमधील अंतर भागिले फलकाचे अंतर, सगळे इंचांत. दोन साइटमध्ये २० इंच असतील तर ६ गुणिले २० भागिले १८००, म्हणजे ०.०६७ इंच. तेवढी बुटकी फोरसाइट मागवावी, किंवा साधी पोलादी असेल तर थोडी थोडी घासून मध्ये मध्ये फटके तपासावेत. मात्र त्याआधी बॅकसाइट मधोमध आणा आणि हिशेब नव्याने करा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना वाव राहील. दुसऱ्या वजनाचे वा वेगाचे काडतूस झाडून पाहणे हे त्याहून स्वस्त. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

प्रश्न: आजेसासऱ्यांची दुनळी मिळाली आहे. तिच्यावर साइट बसवता येईल का? (इलिनॉयमधील एक वाचक)

उत्तर: बसवता येईल, पण बसवू नका. दुनळीच्या दोन नळ्या एका ठरावीक छऱ्याच्या काडतुसासाठी एकमेकींशी जुळवून डाग दिलेल्या असतात. त्यांतून स्लग झाडले की दोन्हींचे फटके बहुधा निरनिराळ्या जागी लागतात आणि एकच साइट दोघींना पुरत नाही. जुनी नळी आणि अरुंद चोक असेल तर स्लग झाडणेच धोक्याचे ठरू शकते. गनस्मिथकडून तपासून घ्या आणि तितरासाठी वापरा.

प्रश्न: साइट जुळवण्यासाठी किती काडतुसे लागतात आणि शून्य (ज्या अंतरावर फटका नेमावरच लागेल ते अंतर) कुठे धरावे? काडतुसे महाग आहेत आणि खांदाही दुखतो. (मिनेसोटातील एक वाचक)

उत्तर: नीट क्रमाने गेलात तर बारा-पंधरा काडतुसांत काम होते. सुरुवात २५ यार्डांवर, मोठ्या कागदावर, पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्यांचा टेका देऊन करावी. नळी पिशवीवर टेकवू नये, पुढचा हातदस्ता टेकवावा. नळी टेकली की फटका वर उडतो. खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये वाळूची छोटी पिशवी किंवा जाड गादी ठेवावी, आणि कानांवर संरक्षण असावेच. दुखऱ्या खांद्याने झाडणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या फटक्यापासून नकळत डोळे मिटून चाप हिसकतो. मग तो जुळवतो ती साइट नसते, स्वतःची दचक असते. पाच फटक्यांनंतर थांबावे. नळीही तेवढ्यात थंड होते.

तीन फटके झाडून त्यांच्या गटाचा मध्य काढावा; एका फटक्यावरून साइट कधीही फिरवू नये. बहुतेक स्कोपची एक टिकटिक पाव मिनिटाची, म्हणजे १०० यार्डांवर पाव इंचाची असते. तीच ५० यार्डांवर अष्टमांश आणि २५ यार्डांवर फक्त सोळावा हिस्सा इंच हलवते. म्हणून २५ यार्डांवर गट तीन इंच डावीकडे असेल तर ४८ टिकटिका उजवीकडे द्याव्या लागतात. हा आकडा ऐकून अनेकजण बिचकतात आणि बाराच देऊन पुढची काडतुसे वाया घालवतात. रेड डॉटची टिकटिक अर्ध्या किंवा एक मिनिटाची असू शकते, ती त्याच्या पुस्तिकेत पाहावी. २५ यार्डांवर मध्यावर आले की ५० यार्डांवर जावे आणि तिथे पुन्हा तीन-तीनचे गट झाडावेत.

शून्य कुठे धरावे हे स्लगवर अवलंबून आहे. सेकंदाला सोळाशे फुटांच्या आसपास वेगाने निघणारा एक औंसाचा फॉस्टर स्लग ५० यार्डांवर शून्य केला, तर ७५ यार्डांवर साधारण दीड इंच आणि १०० यार्डांवर पाच-सहा इंच खाली लागतो. म्हणजे ७५ यार्डांपर्यंत नेम मर्मभागाच्या मध्यावरच धरायचा आणि त्यापुढे झाडायचेच नाही. वेगवान सॅबो स्लग १०० यार्डांवर शून्य करावा. मग ५० यार्डांवर तो एक ते दोन इंच वर लागतो, ज्याची हरणावर अडचण येत नाही. पेटीवर छापलेला तक्ता मार्गदर्शक समजावा, पुरावा समजू नये. आपल्या नळीतून, आपल्या काडतुसाने, ज्या सर्वांत लांब अंतरावर झाडायचे ठरवले आहे त्या अंतरावर कागदावर पडलेली भोकेच खरी. टेक्यावरून तीन फटके आठ इंचांच्या थाळीत बसत नसतील, तर ते अंतर आपले नाही.

जुळवणी झाली की त्याच कंपनीची, त्याच वजनाची आणि जमल्यास त्याच खेपेची काडतुसे हंगामासाठी बाजूला काढून ठेवावीत. काडतूस बदलले की फटक्याची जागा बदलते, आणि स्लगच्या बाबतीत हा फरक कित्येक इंचांचा असू शकतो. हंगामाच्या आदल्या आठवड्यात, बंदूक बाहेरच्या थंडीत अर्धा तास ठेवून, जाड कोट आणि हातमोजे घालून, गार नळीतून एकच फटका झाडावा. हरणावर आपण झाडणार असतो तो पहिलाच आणि गार नळीतला फटका असतो, तेव्हा तो कुठे लागतो हे आधी कागदावर पाहिलेले असावे. रेड डॉट असेल तर त्याच दिवशी घटही (बॅटरीही) नवा घालावा, कारण कडाक्याच्या थंडीत जुना घट लवकर मान टाकतो.